ग्रामसभा आपलीही आहे: शहापूर-मुरबाडच्या गावकऱ्यांसाठी पंचायतराजची माहिती

नागरिकशास्त्राच्या तासाला आम्ही मुलांना विचारतो, "गावाचा कारभार कोण चालवतं?" उत्तर ठरलेलं असतं, "सरपंच!" मोठ्यांचीही समजूत हीच. म्हणून कब्रस्तानची भिंत असो की मोहल्ल्यातलं गटार, आपण अर्ज घेऊन सरपंचाच्या नाहीतर आमदारांच्या दारी जातो. ग्रामसभेला मात्र आपल्यातले फार थोडे दिसतात.

संविधान काय म्हणतं?
७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. तिने ग्रामसभेला संविधानात स्थान दिलं, दर पाच वर्षांनी निवडणूक बंधनकारक केली आणि महिलांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखीव ठेवल्या. महाराष्ट्रात हे प्रमाण निम्मं आहे. अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय आहेत: शेती, लघुसिंचन, पिण्याचं पाणी, रस्ते, शिक्षण, आरोग्य वगैरे. पण यातले कोणते अधिकार प्रत्यक्षात द्यायचे, हे राज्याचं विधिमंडळ ठरवतं. आपल्याकडे ग्रामपंचायतीसाठी १९५८ चा आणि जिल्हा परिषद व पंचायत समितीसाठी १९६१ चा कायदा आहे.

कोणतं काम कुठे?
- ग्रामपंचायत: पाणीपुरवठा, दिवाबत्ती, गटारं, गावातले रस्ते, स्मशान व कब्रस्तानची व्यवस्था, जन्म-मृत्यू नोंद, घरपट्टी.
- पंचायत समिती: तालुक्यातल्या योजनांची अंमलबजावणी. इथले प्रमुख अधिकारी म्हणजे गटविकास अधिकारी, अर्थात बीडीओ.
- ठाणे जिल्हा परिषद: प्राथमिक शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्रं, ग्रामीण रस्ते.

शहापूर आणि मुरबाड या दोन्ही शहरांत आता नगरपंचायत आहे. तिथल्या रहिवाशांना ग्रामसभा नाही, त्यांचा कायदा वेगळा.

ग्रामसभेची ताकद
गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य आहे. वर्षातून किमान चार सभा घ्याव्याच लागतात. योग्य कारण नसताना सभा टाळली तर सरपंचाचं पद जाऊ शकतं. नियमित सभेआधी महिलांची वेगळी सभा होते. आपल्या आयाबहिणींनी तिथे जरूर जावं, कारण पाणी भरायला त्याच जातात. वर्षाचा विकास आराखडा, घरकुलाच्या लाभार्थ्यांची यादी, मागच्या खर्चाचा हिशोब, सगळं या सभेसमोर यावं लागतं.

पेसा म्हणजे काय?
संपूर्ण शहापूर तालुका आणि मुरबाडमधली काही गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. आदिवासी पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून आपली ग्रामसभा मिळू शकते. गौण वनोपज, लहान जलसाठे, दारूबंदी यांबाबत ग्रामसभेला जादा अधिकार आहेत. सरपंचपद अनुसूचित जमातीसाठी राखीव असतं. त्यावरून आपल्यातले काही म्हणतात, "मग आपलं तिथे काय काम?" ही समजूत चुकीची आहे. पद राखीव असलं तरी सभेत बोलण्याचा हक्क प्रत्येक मतदाराला आहे.

हे इतकं महत्त्वाचं का?
भातसा आणि तानसा ही धरणं शहापूर तालुक्यातली. त्यांचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांवर टँकर येतो. धरणाचा निर्णय ग्रामपंचायतीच्या हातात नाही. पण गावातली विहीर, टाकी, नळयोजना आराखड्यात घालणं तिच्या हातात आहे. आपण मागणी नोंदवलीच नाही तर वर्षअखेरीस तक्रार कुणाकडे करणार?

एवढं करा
सभेची नोटीस लागली की मोहल्ल्यात, जमातीत सगळ्यांना कळवा. मागणी लेखी द्या आणि पोच घ्या. ठराव इतिवृत्तात, म्हणजे आपण ज्याला प्रोसिडिंग म्हणतो त्यात, लिहिला गेला का ते पाहा आणि त्याची नक्कल मागा. घरपट्टी-पाणीपट्टी वेळेवर भरा, ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न तेच. आणि फक्त कब्रस्तानच्या भिंतीपुरते जाऊ नका. शेजारच्या पाड्याच्या पाण्यासाठीही हात वर करा. आपला विषय येईल तेव्हा तेही आपल्यासाठी हात वर करतील.