दगडी कोळसा : वर्धा खोरे

महाराष्ट्राच्या चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांत वर्धा नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेले कोळशाचे क्षेत्र. वरोरा, माजरी, वणी, घुग्गुस, चंद्रपूर, बल्लारपूर व सास्ती ही त्यातील प्रमुख ठिकाणे. येथील कोळसा गोंडवनी खडकांपैकी बराकर शैलसमूहात, म्हणजे पूर्व पर्मियन काळातील (सु. २९ ते २७ कोटी वर्षांपूर्वीच्या) वालुकाश्म व शेल यांच्या थरांत सापडतो. त्याखाली हिमनद्यांनी आणलेल्या गोट्यांचा तालचीर शैलसमूह आहे. वर कामठी वालुकाश्म व काही भागांत दख्खनचा काळा पाषाण आहे. मुख्य थर अनेक ठिकाणी १५ मी.च्या आसपास जाड भरतो. कोळशात ओलावा बराच असून उघड्यावर साठवल्यास तो आपोआप तापून पेट घेतो. त्याचा कोक होत नाही. गंधक कमी, राख मात्र भरपूर, हे त्याचे खरे लक्षण होय.

राख जास्त म्हणून या कोळशाला हलका ठरवून मोकळे होण्याची पद्धत आहे. पण ही राख कोठून आली हे पाहिल्याशिवाय त्याचा उपयोगही नीट कळत नाही. हिमयुग ओसरल्यावर भारत, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका, आफ्रिका व दक्षिण अमेरिका हे भूभाग गोंडवन महाखंडात एकत्र असताना येथे थंड-समशीतोष्ण हवामान होते. जिभेसारख्या पानांच्या ग्लॉसोप्टेरिस वृक्षांची राने नद्यांच्या पूरमैदानांत माजली. खचत चाललेल्या खोलगट पट्ट्यात त्यांचा पालापाचोळा व लाकूड साचत गेले. साचलेल्या पाण्याखाली ऑक्सिजन अपुरा असल्याने ते पुरते कुजले नाही व त्याचे पीट झाले. वर गाळ चढला तसे ते खोल गेले. दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश सेल्सियसने वाढणारी भूगर्भातील उष्णता आणि वरचा भार यांनी त्यातले पाणी व वायू हुसकले आणि कार्बनचे प्रमाण वाढत गेले. यूरोपातील कार्बॉनिफेरस कोळसा बराचसा उष्ण प्रदेशातील दलदलींत, झाडे उभी होती तेथेच तयार झाला. गोंडवनी वनस्पतिद्रव्य पुराने वाहून आले, की थोड्याच अंतरावरून सरकले, की जागच्या जागी साचले, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. या नोंदीपुरता तो वाद निर्णायक नाही. तिन्ही पक्षी नदी जवळच होती, आणि पुराबरोबर चिकणमाती व क्वार्ट्झची बारीक रेती वनस्पतिद्रव्यात मिसळत होती. तीच आजची राख.

यावर पहिला आक्षेप असा, की राख खाणकामाने वाढते. भारतातला बहुतेक कोळसा आता उघड्या खाणींतून निघतो आणि अवजड यंत्रे थरांमधील शेलच्या पट्ट्याही सोबत खरवडतात. हे खरे आहे, आणि तेवढी भेसळ टाळताही येते. पण पट्ट्या वगळून हाताने वेचलेल्या ढेकळातही कणाकणांत विखुरलेली माती उरतेच. दुसरा आक्षेप कोळसा धुण्याचा. धुलाई घनतेच्या फरकावर चालते. गोंडवनी कोळशात शुद्ध कोळसा व शुद्ध दगड यांच्या मधल्या घनतेचे, अर्धे कोळसा अर्धे माती असे कण फार असल्याने राख फार खाली आणायची तर पुष्कळ कोळसाही टाकून द्यावा लागतो. धुलाई निरुपयोगी नव्हे. तिची मर्यादा मात्र यंत्राइतकीच थराच्या जडणघडणीतही आहे. आसामचा तृतीयक काळातील कोळसा याच्या उलट आहे. त्यात राख कमी, पण समुद्राच्या सान्निध्यामुळे गंधक जास्त.

उपयोग. वरोऱ्याची खाण १८७०च्या दशकात चालू झाली व रेल्वेच्या इंजिनांसाठी तिला महत्त्व होते. १९७३च्या राष्ट्रीयीकरणानंतर, १९७५ पासून, या क्षेत्रातील बहुतेक खाणी नागपूरच्या वेस्टर्न कोलफील्ड्सकडे आहेत. वाफेची इंजिने गेली, शेगड्याही बहुतेक गेल्या. आता हा कोळसा घरात येतो तो विजेच्या रूपाने. २,९२० मेगॅवॉट क्षमतेचे चंद्रपूर महाऔष्णिक केंद्र त्याचे मोठे गिऱ्हाईक. भारतात कोळशावरच्या एका युनिट विजेस सु. ७०० ग्रॅम कोळसा लागतो. त्यात राख ३५ टक्के धरली, तरी दर युनिटमागे सुमारे पावशेर राख उरते. क्वार्ट्झमुळे बाष्पित्राच्या नळ्या झिजतात. एरवी गुण मानला जाणारा कमी गंधक येथे अडचणीचा ठरतो. विद्युत्‌भाराने राख पकडणाऱ्या यंत्रांत कमी गंधकाच्या कोळशाची राख विजेला जास्त रोध करते व सहज हाती लागत नाही. पकडलेल्या राखेत सिलिका व ॲल्युमिना भरपूर असल्याने ती चुन्याशी संयोग पावून घट्ट होते. म्हणून पोझोलाना सिमेंटमध्ये ती १५ ते ३५ टक्क्यांपर्यंत मिसळतात, विटांतही वापरतात. पर्मियन पुराची माती आज अशी घराच्या भिंतीत जाते. राखेच्या तळ्यांजवळच्या गावांना मात्र या उपयोगाने पूर्ण दिलासा मिळालेला नाही.



खाणीपासून ५०० कि.मी.पेक्षा दूरच्या वीजकेंद्रांना ३४ टक्क्यांपेक्षा कमी राखेचाच कोळसा पुरवावा, असा नियम २०१४ मध्ये झाला होता. मे २०२० मध्ये ही अट काढून राख हाताळण्याचा भार वीजकेंद्रांवर टाकण्यात आला. वाहतुकीच्या दृष्टीने हा निर्णय वाईट आहे, कारण टनामागे तिसरा हिस्सा वा अधिक मातीचेच भाडे भरले जाते. खाणीच्या तोंडाशी असलेल्या चंद्रपूरसारख्या केंद्राला ती अट मुळात लागूच नव्हती.