बिल मॉयर्स : सत्तेची बाजू मांडणारा, पुढे जाब विचारणारा

बिल मॉयर्स टेक्सासमधील मार्शल गावात वाढले. बाप्टिस्ट धर्मोपदेशकाची दीक्षा घेतलेला हा तरुण लिंडन जॉन्सन यांचा विश्वासू सहायक बनला. जुलै १९६५ मध्ये ते व्हाईट हाऊसचे प्रेस सेक्रेटरी झाले. त्याच महिन्यात जॉन्सन यांनी व्हिएतनाममधील फौज ७५ हजारांवरून सव्वा लाखावर नेण्याची घोषणा केली. युद्धाची सरकारी बाजू पत्रकारांपुढे मांडणे हेच तेव्हा मॉयर्स यांचे काम होते. १९६७ मध्ये त्यांनी ते सोडले.

पुढे ते सीबीएसवर भाष्यकार झाले; मात्र त्यांची खरी ओळख घडली ती पीबीएस या सार्वजनिक वाहिनीवर. एप्रिल २००७ मध्ये ‘बाइंग द वॉर’ या माहितीपटातून त्यांनी विचारले, इराकमधील महासंहारक शस्त्रांचा सरकारी दावा बड्या माध्यमांनी तपासला का नाही? ती शस्त्रे कधी सापडलीच नाहीत. नाईट रिडरच्या पत्रकारांनी वेळीच शंका घेतली होती. मॉयर्स यांनी त्यांना पडद्यावर आणले.

इराकी जनतेसाठी हा प्रश्न चार वर्षे उशिरा आला. तरीही त्याला वजन होते, कारण सरकार युद्ध कसे खपवते, हे विचारणाऱ्याने आतून पाहिले होते. जून २०२५ मध्ये मॉयर्स यांचे निधन झाले. प्रश्न मात्र प्रत्येक युद्धाच्या बातमीसोबत आपल्यासमोर येतोच.