गांजा, नाडी आणि नोंदवही

गांजाचा औषधी वापर आपल्याकडे फार जुना. पण प्रयोगाने त्याची पारख कशी झाली?

कलकत्ता मेडिकल कॉलेजातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक विल्यम ओ'शॉनेसी यांनी आधी जुने ग्रंथ व जाणकार यांच्याकडून माहिती जमवली. मग गांजापासून काढलेली राळ प्राण्यांना व पुढे रुग्णांना दिली. 1839 साली त्यांनी हे निष्कर्ष मांडले. संधिवाताच्या एका रुग्णावर उपचार चालू असताना कुतूहल वाढून काही विद्यार्थ्यांनी स्वतःवरच प्रयोग केले. (आज हे मान्य होणार नाही.) मात्र पद्धत पाहा: आधी नाडी मोजायची, नंतरचे परिणाम दोन सहाध्यायांनी पाहायचे. पाव ग्रेन, म्हणजे सुमारे 16 मिलिग्रॅम मात्रेनेही नाडी जलद झाली.

तरी एक उणीव राहिली. राळेत गुणकारी द्रव्य कोणते आणि किती, हे ठाऊक नव्हते. अफूतील मॉर्फिनचे स्फटिक मिळाले होते. गांजाचा अर्क म्हणजे तेलकट मिश्रण. त्यामुळे सारख्या वजनाचे दोन अर्क सारखा परिणाम करतीलच असे नव्हते. मुख्य घटक टीएचसी शुद्ध रूपात वेगळा करून त्याची रचना मांडली ती 1964 साली, इस्रायलमध्ये मेशुलाम व गाओनी यांनी.

नाडी अचूक मोजली, पण औषध मोजता आले नाही. प्रयोगवहीत दोन्ही रकाने भरावे लागतात.