विकृती

भोर-वेल्ह्यातल्या गप्पांतही समलिंगी माणसांचा विषय निघाला की ‘विकृती’ हा शब्द कानावर येतो. तो मला टोचतो, कारण त्याचा पूर्वेतिहास निराळा आहे. ‘कृ’ म्हणजे करणे. ‘वि’ लागला की रूप पालटणं. सांख्यांच्या लेखी विकृती म्हणजे प्रकृतीतून उपजलेलं रूप, त्यात दूषण नाही. वेदपाठाच्या जटा, घन वगैरे आठ पद्धती विकृतीच. गाण्यात कोमल रिषभ हा विकृत स्वर, आणि त्याच्याविना भैरव नाही! आयुर्वेदात मात्र विकृती म्हणजे बिघाड. पुढे मनोविकारतज्ज्ञ क्राफ्ट-एबिंगच्या १८८६च्या ग्रंथासारख्या ग्रंथांतून युरोपीय मानसशास्त्र आलं आणि त्याने समलैंगिकतेवर मारलेल्या आजाराच्या शिक्क्याला मराठीत हाच शब्द चिकटला. र. धों. कर्व्यांनी १९२७पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात लैंगिक विषयांची शास्त्रीय चर्चा मांडली, तरी तो शब्द सुटला नाही.

१९७३ साली अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. तिच्या कारणांचा शोध मात्र थांबला नाही. १९९३मध्ये जनुकशास्त्रज्ञ डीन हेमर यांनी एक्स गुणसूत्राकडे बोट दाखवलं. २०१९च्या जवळपास पाच लाख लोकांच्या अभ्यासात समलैंगिकता ठरवणारं एकच एक जनुक सापडलं नाही. तत्त्वज्ञ एडवर्ड स्टाइन म्हणतात, हक्क जन्मजातपणाच्या पुराव्यावर टांगू नयेत. मला हे पूर्ण पटतं. धर्म बदलता येतो, तरी त्याचं स्वातंत्र्य घटनेने दिलंच आहे.

हल्ली वृत्तपत्रं ‘लैंगिक कल’ लिहितात आणि ‘विकृत’ हे विशेषण अत्याचार करणाऱ्यांसाठी वापरतात.