१०८ मिनिटांतली २४

स्वतंत्र बाण्याचा दिग्दर्शक म्हणजे सरकारी संस्थांपासून चार हात लांब राहणारा, अशी माझी समजूत होती. मोरोक्कोच्या अहमद बुआनानीने ती मोडली.

बुआनानी १९३८ साली कासाब्लांकात जन्मला. पॅरिसच्या ‘इदेक’मध्ये संकलन शिकून परतल्यावर त्याने नोकरी धरली ती देशाच्या सरकारी चित्रपट केंद्रातच. तिथे फ्रेंच राजवटीत चित्रित झालेली रिळं होती. त्यांत मोरोक्कन माणूस बहुधा देखाव्याचा भाग. ‘मेमवार १४’ (१९७१) या चित्रपटासाठी बुआनानीने तीच रिळं कापली आणि स्वतःच्या कवितेच्या आधाराने नव्याने जोडली. राज्यकर्त्यांच्या दप्तरातून हरलेल्यांची आठवण बोलू लागली.

ती कुणाला नको होती? फ्रेंच तर १९५६ सालीच गेले होते. चित्रपट मूळचा १०८ मिनिटांचा. स्वतंत्र मोरोक्कोच्या सेन्सॉरने कात्री लावल्यावर २४ मिनिटं उरली. राजे हसन दुसरे यांच्या दडपशाहीचा तो काळ. वसाहतीच्या इतिहासाकडेही लोकांनी आपल्या नजरेने बघावं, हे नव्या सत्तेलाही मानवणारं नव्हतं.

बुआनानी मात्र काम करत राहिला. हमीद बेन्नानीच्या ‘वेश्मा’चं (१९७०) संकलन त्याने आधीच केलं होतं. १९७९ साली त्याचा ‘अस्सराब’, म्हणजे ‘मृगजळ’, आला. १९४७ सालच्या एका गरीब शेतकऱ्याला पिठाच्या पोत्यात नोटांचं पुडकं सापडतं, आणि ते घेऊन तो शहराची वाट धरतो. पूर्ण लांबीचा हा त्याचा एकमेव कथापट.

पडदा मिळेना तेव्हा कागद होता. कविता, ‘लोपिताल’ (१९९०) ही कादंबरी, आणि १९०७ ते १९८६ या काळातल्या मोरोक्कोतील चित्रपटांचा इतिहास. २००६ साली रबातमधल्या त्याच्या घराला आग लागली, बरेच कागद जळाले. तो २०११ साली गेला. तो इतिहास छापून आला २०२० साली, त्याची मुलगी तूदा आणि इतरांनी उरलेलं जपलं म्हणून.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. चुकून काही पुसलं गेलं तर आधीची प्रत परत आणायची, ही आमची रोजची सवय. ‘मेमवार १४’पुढे ती सवय निरुपयोगी ठरते. आपल्याला बघायला मिळतात ती २४ मिनिटंच. ती बघताना मी प्रत्येक सांध्यापाशी थबकतो: हा काप बुआनानीचा, की सेन्सॉरचा?