सिलिॲक रोगातील स्वप्रतिपिंडे

प्रतिपिंड हे शरीरात शिरलेल्या जंतूंना ओळखून त्यांना चिकटणारे प्रथिन होय. हेच प्रतिपिंड स्वतःच्या शरीरातील घटकाविरुद्ध तयार झाल्यास त्यास स्वप्रतिपिंड म्हणतात. सिलिॲक रोगात गहू, जव व राय या धान्यांतील ग्लुटेन हे प्रथिन खाल्ल्याने लहान आतड्याच्या अस्तराला सूज येते, अन्नरस शोषून घेणारे बोटांसारखे सूक्ष्म रसांकुर झिजून सपाट होतात आणि त्याचबरोबर रक्तात विशिष्ट स्वप्रतिपिंडे आढळतात. ग्लुटेन वर्ज्य केले की ही प्रतिपिंडे हळूहळू नाहीशी होतात. स्वयंप्रतिरक्षा रोगांत असे क्वचितच घडते. त्यामुळे निदानास मोठीच मदत होते, पण एक अडचणही उद्भवते.

निर्मिती

या प्रतिपिंडांचे मुख्य लक्ष्य ऊती ट्रान्सग्लुटामिनेज हे विकर, म्हणजेच एन्झाइम, असते. जखम भरून येताना प्रथिनांचे धागे एकमेकांस जोडणे हे त्याचे नेहमीचे काम. ग्लुटेनचे अर्धवट पचलेले तुकडे आतड्याच्या अस्तरात पोहोचले की हे विकर त्यांतील ग्लुटामिन या अमिनो आम्लाचे ग्लुटामिक आम्लात रूपांतर करते. असे बदललेले तुकडे एचएलए-डीक्यू२ किंवा डीक्यू८ या रेणूंना घट्ट चिकटतात व टी-पेशींना चेतवतात. जवळजवळ सर्व रोग्यांत यांपैकी एकाची तरी जनुके असतात. मात्र ती असलेल्या बहुसंख्य लोकांना हा रोग होत नाही.

मग प्रतिपिंडे ग्लुटेनवर न थांबता विकरावर का उलटतात? सर्वमान्य स्पष्टीकरणानुसार विकर व ग्लुटेनचा तुकडा एकमेकांस जोडलेले असतात. विकर ओळखणारी बी-पेशी ही जोडगोळीच गिळते आणि ग्लुटेनचा तुकडा पृष्ठभागावर मांडून टी-पेशीची मदत मिळवते. ग्लुटेनच आले नाही, तर ही मदतही मिळत नाही. मात्र या प्रतिपिंडांमुळेच आतड्याची हानी होते, असे सिद्ध झालेले नाही. ती हानी मुख्यतः टी-पेशी व अस्तरातील अन्य लसीका पेशी करतात.

शोधाचा इतिहास

गहू आणि हा रोग यांचा संबंध विलेम कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञाने १९५० च्या आपल्या प्रबंधात मांडला. १९७१ साली रेटिक्युलिन प्रतिपिंडांचे व १९८३ साली एंडोमायशियल प्रतिपिंडांचे वर्णन प्रसिद्ध झाले. ही प्रतिपिंडे नेमकी कशाला चिकटतात, हे कोडे १९९७ मध्ये जर्मनीत डीटरिख, शुप्पान व सहकाऱ्यांनी उलगडले.

तपासणी

प्रथम ट्रान्सग्लुटामिनेजविरोधी आयजीए प्रतिपिंडे मोजतात. एंडोमायशियल चाचणी अधिक नेमकी, पण वेळखाऊ व कौशल्याची आहे; तीत माकडाच्या अन्ननलिकेच्या किंवा मानवी नाळेच्या पातळ छेदावर रोग्याचा रक्तरस टाकून सूक्ष्मदर्शकाखाली चकाकी पाहतात. सुमारे २ ते ३ टक्के सिलिॲक रोग्यांच्या शरीरात आयजीए जवळजवळ तयारच होत नाही. अशांची चाचणी खोटा दिलासा देते. म्हणून एकूण आयजीएही मोजावे लागते आणि ते कमी असल्यास आयजीजी प्रकारच्या चाचण्या कराव्या लागतात.

याहून अधिक घोटाळा होतो तो घरच्या घरी केलेल्या पथ्यामुळे. पोट बिघडते म्हणून ऐकीव सल्ल्यावरून पोळी बंद करून काही महिन्यांनी तपासणी केली, तर प्रतिपिंडे उतरलेली असतात, रसांकुरही सुधारलेले असू शकतात आणि रोग असूनही अहवाल निर्दोष येतो. मग निदानासाठी पुन्हा काही आठवडे गहू खावा लागतो. तेव्हा आधी तपासणी व मग पथ्य, हाच क्रम योग्य.

प्रौढांत निदान सहसा आतड्याच्या बायॉप्सीने पक्के करतात. मुलांमध्ये प्रतिपिंडे सामान्य मर्यादेच्या दहापट किंवा अधिक असून दुसऱ्या नमुन्यात एंडोमायशियल प्रतिपिंडेही आढळल्यास युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार बायॉप्सी टाळता येते.

निदानानंतर आहार आजन्म ग्लुटेनमुक्त ठेवावा लागतो. ज्वारी, बाजरी, नाचणी व तांदूळ ही महाराष्ट्राच्या ओळखीची धान्ये मुळात ग्लुटेनरहित आहेत. मात्र ती गव्हाच्याच गिरणीत दळल्यास पिठात भेसळ होते. बाजारच्या खड्याच्या वा पुडीच्या हिंगातही बहुधा गव्हाचे पीठ असते, हे सहज लक्षात येत नाही. प्रतिपिंडे न उतरल्यास असे चोरपावलांनी येणारे ग्लुटेन शोधावे लागते. ती उतरली म्हणजे आतडे पूर्ण बरे झालेच, असे मात्र नाही.

अन्य आंत्रविकार

व्रणीय बृहदांत्रशोथाच्या अनेक रोग्यांत पी-एएनसीए ही स्वप्रतिपिंडे सापडतात. क्रोन रोगात आढळणारी एएससीए प्रतिपिंडे पावाच्या यीस्टविरुद्ध असतात. काटेकोरपणे पाहता ती स्वप्रतिपिंडे नव्हेत. या दोहोंवरून निदान पक्के होत नाही. आतड्याच्या क्षयातही एएससीए आढळत असल्याने, क्षय व क्रोन रोग यांत फरक करण्याची गरज वारंवार पडणाऱ्या भारतात तिचा उपयोग तोकडा ठरतो. मुख्यतः तान्ह्या मुलांत दिसणाऱ्या स्वयंप्रतिरक्षा आंत्रविकृती या दुर्मिळ रोगात आतड्याच्या अस्तरपेशींविरुद्धच प्रतिपिंडे असू शकतात. तेथे रसांकुर सिलिॲक रोगाप्रमाणेच झिजतात, पण गहू बंद करून जुलाब थांबत नाहीत.