मानेतली चीर

शवाची चिरफाड आणि जिवंत माणसाच्या धमनीच्या भिंतीत पडणारी चीर, या दोहोंना इंग्रजी वैद्यकात एकच शब्द आहे: डिसेक्शन. पहिल्याला आपण शवविच्छेदन म्हणतो. दुसऱ्याला येथे धमनीविदारण म्हणू. गंमत अशी की पहिले डिसेक्शन भरभराटीला आले त्या साऱ्या काळात मानेतले दुसरे डिसेक्शन त्याच्या नजरेतून निसटतच राहिले.

धमनीची भिंत तीन थरांची असते. आतल्या अस्तराला चीर पडली, किंवा भिंतीतलीच एखादी सूक्ष्म रक्तवाहिनी फुटली, की रक्त थरांच्या मधोमध शिरते आणि कागदाचे पापुद्रे सुटावेत तसे त्यांना एकमेकांपासून सोडवत जाते. मधली वाट अरुंद होते, फाटलेल्या जागी गुठळी धरते आणि तिचा तुकडा प्रवाहाबरोबर मेंदूत जाऊन अडकला की पक्षाघात होतो. छातीतल्या महाधमनीत असे घडते हे जुनेच ज्ञान. १७६० साली इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज शौचकूपात कोसळून मेला. राजवैद्य फ्रँक निकोल्स याने शव उघडले तेव्हा महाधमनीच्या अस्तरातली चीर त्याला दिसली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्सच्या लाएनेकने या विकाराला नावही दिले. पण हीच गोष्ट मानेतल्या कॅरोटिड व व्हर्टिब्रल या धमन्यांत घडते, आणि चाळिशीतल्या धडधाकट माणसाला घडते, हे नीट उमगायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

याचे कारण बुद्धीच्या उणिवेत शोधण्यापेक्षा पद्धतीत शोधावे, असे मला वाटते. महाधमनी फाटली की माणूस बहुधा मरतो. मानेतली धमनी फाटलेला माणूस बहुधा जगतो आणि काही महिन्यांत ती भिंत पुष्कळदा आपली आपणच सांधते. मृतांवर उभारलेल्या शास्त्राला असा रोग दिसणार कसा? त्यात शवविच्छेदन करणारे छाती उघडत, कवटी उघडत, आणि मधली मान तशीच सोडून देत. शवलेपन करणाऱ्यांना द्रव भरण्यासाठी याच कॅरोटिड धमन्या हव्या असत. पक्षाघाताचे कारण मेंदूत शोधायचे, हृदयात शोधायचे आणि त्या दोहोंना जोडणारा रस्ता तपासायचाच नाही, असा हा प्रकार होता.

तो रस्ता जिवंतपणी दाखवण्याचे साधन १९२७ साली लिस्बनमध्ये एगाश मोनिझ याने घडवले. कॅरोटिडमध्ये द्रव्य टोचून क्ष-किरणांवर मेंदूच्या धमन्या उमटवणे ही ती युक्ती. (या मोनिझला नोबेल मिळाले ते मात्र मेंदूचा भाग तोडण्याच्या, आज बदनाम झालेल्या शस्त्रक्रियेसाठी.) पण सुई थेट मानेत खुपसल्यामुळे कधी कधी धमनीची भिंत तिथेच फाटे. पाहण्याचे साधनच जे पाहायचे ते निर्माण करी. मग दिसलेली चीर आधीची की सुईची, हे ठरवायचे कसे?

हा तिढा सोडवण्याचे पुष्कळसे श्रेय सी. मिलर फिशर या कॅनडात जन्मलेल्या मज्जाविकारतज्ज्ञाला जाते. दुसऱ्या महायुद्धात नौदलात डॉक्टर असताना तो जर्मनांच्या कैदेत सापडला आणि साडेतीन वर्षे अडकून पडला. परतल्यावर एका पक्षाघाताच्या रुग्णाने त्याला सांगितले की, झटक्यापूर्वी काही वेळ आपला एक डोळा आंधळा होत असे, आणि तो डोळा लुळ्या बाजूचा नव्हता, विरुद्ध बाजूचा होता. दुसऱ्या कुणी हे बोलणे गोंधळलेल्या माणसाचे म्हणून सोडून दिले असते. फिशरने त्यावरून मानेतल्या कॅरोटिडचा माग काढला आणि १९५१ साली तिच्या बंद पडण्यावरचा आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. तो विषय धमनीविदारणाचा नव्हता. परंतु मान तपासली पाहिजे हा धडा तिथून मिळाला. १९७८ साली ओजेमान व रॉबर्सन यांच्यासह लिहिलेल्या निबंधात त्याने आपोआप होणाऱ्या धमनीविदारणाची लक्षणे आणि चित्रणातल्या खुणा एकत्र मांडल्या: धमनीची दोऱ्यासारखी बारीक झालेली रेघ, ज्योतीसारखे निमुळते टोक.

लक्षणे तर डोळ्यांसमोरच होती. मानेच्या, चेहऱ्याच्या किंवा डोक्याच्या एकाच बाजूला अचानक उठलेली, पूर्वी कधी न अनुभवलेली कळ. त्याच बाजूची पापणी किंचित खाली आलेली, बाहुली लहान झालेली. हे पापणी-बाहुलीचे चिन्ह झुरिकच्या योहान फ्रीडरिश होर्नर याने १८६९ सालीच वर्णिले होते. डोळ्याकडे जाणारे मज्जातंतू कॅरोटिडच्या भिंतीला लगडूनच वर चढतात. भिंत फुगली की ते दाबले जातात. ही कळ आणि पक्षाघात यांच्यामध्ये काही तासांचा, कधी काही दिवसांचा अवकाश असतो, आणि उपचाराची खरी संधी त्या अवकाशातच असते. उशी बदला, शेक घ्या, असे सांगून रुग्णाला परत पाठवले जाते तेही त्याच अवकाशात.

ऐंशीच्या दशकात एमआरआय आला आणि प्रथमच धमनीतल्या वाटेबरोबर तिची भिंतही दिसू लागली. भिंतीत साकळलेले रक्त चंद्रकोरीसारखे उजळून दिसते. फक्त पहिल्या काही दिवसांत ती कोर फिकी असू शकते. पुढे सीटी अँजिओग्राफी सर्रास झाली. अमेरिकेतल्या ओल्मस्टेड परगण्यात हे निदान २००२ नंतरच्या दोन दशकांत जवळजवळ चौपट झाले. माना अधिक फाटू लागल्या असे यावरून मानण्याचे कारण नाही. त्या अधिक पाहिल्या जाऊ लागल्या. एकूण पक्षाघातांत याचा वाटा दोनेक टक्के, पण तरुण आणि मध्यमवयीन रुग्णांत तो दहा ते पंचवीस टक्क्यांपर्यंत सांगितला जातो.

मग दोषी कोण, हा प्रश्न आलाच. न्हाव्याकडून मान मोडून घेणारे आपल्याकडेही कमी नाहीत. १९९३ साली मायकेल वाइनट्रॉब याने केस धुताना मान मागे टाकल्यावर झालेल्या पक्षाघातांची नोंद केली. तथापि मान दुखते म्हणून माणूस मान मोडून घ्यायला जातो, तेव्हा ती दुखत असते कदाचित आधीच फाटल्यामुळे. क्रम उलटाही असू शकतो. २०१४ साली सिडनीच्या मैदानावर मानेवर चेंडू बसून फिलिप ह्यूज कोसळला, दोन दिवसांनी गेला. तिथे व्हर्टिब्रल धमनी फाटल्याचे कारण उघड होते. पण पुष्कळ रुग्णांना आठवतो तो एखादा खोकला, एखादे वळून पाहणे, किंवा काहीच नाही.

उपचाराविषयी मतभेद अजून आहेत. ॲस्पिरिनसारखी औषधे बरी की रक्त पातळ करणारी अधिक तीव्र, हे पाहण्यासाठी ब्रिटन व ऑस्ट्रेलियात 'कॅडिस' ही चाचणी झाली. २०१५ साली तिचे निष्कर्ष आले: २५० रुग्णांपैकी तीन महिन्यांत पुन्हा पक्षाघात झाला तो एका गटात तिघांना, दुसऱ्यात एकाला. एवढ्या फरकावरून निर्णय होत नाही. त्यासाठी सुमारे दहा हजार रुग्ण लागतील, असा हिशेब संशोधकांनीच मांडला. त्याच निबंधातली दुसरी एक नोंद मला अधिक बोलकी वाटते. सर्व चित्रे जेव्हा तज्ज्ञांनी एकत्रितपणे पुन्हा तपासली, तेव्हा २५० पैकी ५२ जणांच्या बाबतीत धमनी फाटल्याचे निदान पक्के करता आले नाही.